शेवटचं कडवं कुठं जातं? (लोकगीतं, शाहीर आणि त्यांची नाममुद्रा)

तुणतुणे
गेल्या महिन्यात गावच्या जत्रेला गेलो होतो. आमचा माण तालुका, म्हणजे उन्हाळ्यात धुरळा आणि जत्रेत गुलाल. रात्री ऑर्केस्ट्रा होता. एका पोराने लोकशाहीर वामनदादा कर्डकांचं गाणं धरलं. आवाज खणखणीत, ढोलकीही चांगली. दोन कडवी झाली आणि गाडी थेट पुढच्या गाण्यावर. शेजारी पोत्यावर बसलेले आप्पा (वय पंच्याहत्तरच्या पुढे, कान अजून शाबूत) मोठ्यानं म्हणाले, "अरं, वामन कुठं गेला?"

मला आधी कळेचना. मग म्हणाले, "शेवटच्या कडव्यात येतो की त्यो. त्योच कापला ह्यांनी."

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. आपल्याकडे रचणाऱ्यानं स्वतःचं नाव शेवटी गुंफायची रीत किती जुनी! तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. पुढे लावणीत आणि पोवाड्यात तेच, पठ्ठे बापूरावांपर्यंत. ही रीत पडली तेव्हा ना छापखाना होता ना हक्कनोंदणी. गाण्यातच सही. आणि आज गाणं छोटं करायचं म्हटलं की पहिली कात्री त्या सहीवरच. मग खाली लिहायचं, 'गीत : पारंपरिक'.

तर धागा यासाठी : तुम्हाला आवडणारी लोकगीतं, ती रचणारे, आणि अशी हरवलेली शेवटची कडवी.

जाता जाता माझा स्वार्थ. १९७२च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडायच्या कामावर एक गाणं म्हणत. वडील गुणगुणायचे. मला एवढंच येतं :

खडी फोडता फोडता बाई दगूड झाला हात
मिलोची भाकर लाल, तिला सुकडीची साथ

(मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर वाटायचे तो पौष्टिक खाऊ.) पुढचं कुणाला येतं का? रचलं कुणी?

खरवस_वडी
वाखुसा (वाचनखूण साठवली). निवांत वाचते.

सिन्नरकर
आप्पांना दंडवत. आमच्या तालुक्यातला माणूस निघाला म्हणून लिहितोच.

वामनदादा देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत गिरणगावात आले तोवर अक्षरओळख नव्हती. चाळीतल्या कुणीतरी पत्र वाचून दाखवायला हातात दिलं आणि यांना ते वाचता येईना. ती शरम त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. मग मोठ्या वयात बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत फिरले. पहिलं गाणं १९४३ सालचं. अक्षरं उशिरा मिळालेल्या माणसानं पुढे हजारो गाणी रचली, आणि त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे'. ज्याला आपलं नाव लिहायला एवढी वाट पाहावी लागली, त्याचं नाव गाण्यातून उडवायचं म्हणजे काय, हे त्या ऑर्केस्ट्रावाल्या पोराला कुणीतरी सांगायला हवं. त्याच्यावर राग नाही. त्याला गाणं ज्या मोबाइलवरून मिळालं, तिथेच दोन कडवी असणार.

आमच्या घरी काकांची दोनशेपानी वही आहे. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं लाल शाईनं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "निळ्या शाईत लिहिलं की पोरं गाळतात."

ढोलकीचा_पाठीराखा
सगळं खापर आजच्या पोरांवर नको. कात्री जुनी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. फडावर एक लावणी अर्धा-पाऊण तास चालते. अदा होते, दौलतजादा (बाईवर पैसे उधळणं) होते, पब्लिक 'वन्स मोअर' करतं. ती तीन मिनिटांत बसवायची म्हणजे काहीतरी जाणारच, आणि जातं ते शेवटचं, कारण सुरुवात कापली तर गाणं ओळखणार कोण? रेडिओवाल्यांनी तेच केलं, कॅसेटवाल्यांनी तेच केलं. मी स्वतः नव्वदच्या दशकात कॅसेटच्या रेकॉर्डिंगला वाजवलंय. मालक घड्याळ बघत काचेच्या पलीकडून बोटांची कात्री करून दाखवायचा. ती खूण झाली की शेवटचं कडवं गेलं समजायचं.

बैठकीत मात्र उलटं. गाणारी बाई शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबवायची. नुसतं तुणतुणं. हात कपाळाला लावून गुरूचं नाव घ्यायची, आणि नावावर सम (ताल येऊन टेकतो ती मात्रा). तिथं नोट आली नाही तर समजायचं, पब्लिक नवखं आहे.

आडवा_प्रश्न
सगळ्यांचा आदर राखून : लोकगीताला गीतकार नसतो, म्हणून तर ते लोकगीत. गाणं लोकांचं झालं की रचणाऱ्याचं नाव गळतं. पान पिकलं की देठ सुटतोच. हा नावाचा हट्ट शहरी, रॉयल्टीवाला वाटतो. जात्यावरच्या ओव्यांना कुठे आहे नाममुद्रा?

मास्तरीण
@आडवा_प्रश्न, ओव्यांचं उदाहरण नेमकं तुमच्या विरोधात जातंय.

हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. तिथे प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका लिहिलेला आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंचा आवाज मी तिथेच पहिल्यांदा ऐकला आणि बराच वेळ दुसरं काही ऐकवेना. 'लोकांचं' म्हणून ढीग न करता बाईगणिक नोंद केली म्हणून त्या आज आपल्याला माहीत आहेत.

दुसरं. माझी आजी पहाटे दळताना म्हणायची ते मला थोडंफार आठवतं. भावाचं नाव यायचं, लेकाचं यायचं, गावचं, बैलाचंसुद्धा यायचं. तिचं स्वतःचं कधीच नाही. याला गळलेलं नाव नाही म्हणता येत, ते घातलंच नव्हतं. सोयराबाईंचे अभंग बघा. त्यांची मुद्रा 'म्हणे चोखियाची महारी' अशी येते. सही आहे, पण नवऱ्याच्या नावाने. तेव्हा 'देठ सुटतोच' म्हणण्याआधी कुणाचा सुटतो आणि कुणाला देठ मिळालाच नव्हता, हे पाहावं लागेल.

आडवा_प्रश्न
मान्य. ओव्यांपुरतं मागे घेतो. बाकीचं नाही.

खरवस_वडी
मास्तरीणबाईंना +१००. अंगावर काटा आला.

चावडीवरचा
नाममुद्रेचं माझं लाडकं उदाहरण होनाजी बाळा. लहानपणी मला तो एकच माणूस वाटायचा, नाव होनाजी, आडनाव बाळा (हसू नका). होनाजी शिलारखाने रचणारा, बाळा करंजकर गाणारा. आणि मुद्रेत दोघं! कवीने गाणाऱ्याला आपल्या सहीत अर्धी जागा दिली. आज गाण्याच्या नावाखाली गायक ठळक आणि गीतकार बारीक टायपात, तेही असलाच तर. 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही भूपाळी आपल्यापर्यंत आली ती १९५१च्या 'अमर भूपाळी'मुळे, पंडितराव नगरकर आणि लताबाईंच्या गळ्यातून. होनाजी जातीने गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, परशराम शिंपी. पेशवाईतल्या शाहिरांची यादी वाचली तरी तेव्हाचा फड कसा असेल ते डोळ्यांपुढे येतं. रामजोशी कीर्तनकारांच्या घरातला, तो घर सोडून या मंडळींत आला.

गिरणगावकर
कापाकापीचा सगळ्यात मोठा बळी राहिलाच : 'माझी मैना गावावर राहिली'.

लोकांना ती विरहाची लावणी वाटते. लग्नाच्या वरातीत वाजताना ऐकली आहे मी! रंगेल सुरुवात, मैनेचं रूप, दागिने, गाव सोडून मुंबईला निघालेला गडी. पण ती छक्कड (तमाशातला एक गीतप्रकार) आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. पुढे अण्णाभाऊ साठे मुंबई दाखवतात, श्रीमंतांची आणि फुटपाथवरची. आणि मग वळण घेतात : माझी मैना जशी दूर राहिली, तशीच गत खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. त्याच भागात 'म्हणे अण्णाभाऊ साठे' येतं, आणि लगोलग रावणाच्या जळालेल्या लंकेपाशी मोरारजी देसाई आणि स. का. पाटलांना नेऊन बसवलंय. शेवट कशावर, तर बिनी मारायची अजून राहिली. (बिनी म्हणजे फौजेची आघाडी. मलाही वडिलांनी सांगितलं तेव्हा कळलं.)

आता सांगा, ही दोन कडव्यांत उरकली की काय उरतं? नाव आणि डंख एकाच ठिकाणी असतात. सही कापली की टोचणारा भागही जातो, आणि वरातवाल्यांना तेच सोयीचं. माझे वडील मिलमध्ये होते. अमर शेखांच्या आवाजात त्यांनी ती मैदानात ऐकलेली. तेव्हा शेवटच्या भागाला लोक उभे राहायचे, म्हणायचे. वरातीत लोक पहिल्या ओळीलाच नाचून मोकळे.

दर्यावर्दी
आता उलटी गंमत. आमच्या वेसाव्याच्या बाजूला हळदीला 'मी डोलकर डोलकर' लागलं की म्हातारी कोळीणसुद्धा फेर धरते. माझ्या पुतण्याने शाळेच्या प्रकल्पात 'पारंपरिक कोळीगीत' म्हणून लिहिलं आणि बाईंनी बरोबर दिलं. गाणं शांता शेळक्यांचं, चाल हृदयनाथांची! इंदापूरच्या बाईंनी लिहिलेलं गाणं कोळीवाड्याने घरचं करून टाकलं. यात मला वाईट वाटत नाही. उलट शांताबाईंना याहून मोठी पावती कुठली? इथे मी आडवा_प्रश्न यांच्या बाजूने.

लावणीवेडी
अगदी. आणि जुनी फडावरची लावणी म्हटलं की माझ्यासाठी 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला'. अशी अस्सल पारंपरिक लावणी आता होणे नाही.

ढोलकीचा_पाठीराखा
ताई, ती गदिमांची. 'मल्हारी मार्तंड', १९६५. संगीत वसंत पवार, आवाज सुलोचना चव्हाण.

लावणीवेडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). धाग्याच्या विषयावरच आपटले. पण आमच्या गावच्या फडात ती 'आमच्या आजीच्या काळची' म्हणूनच सांगतात हो! असो, आजी १९६५ला होतीच म्हणा.

जाखडीप्रेमी
तळकोकणात आणि रत्नागिरीकडे या. गणपतीत बाल्या नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने अजून जोरात आहेत, आणि तिथे नाममुद्रा कापून दाखवाच कुणी.

कलगी-तुऱ्याचीच ही परंपरा. शक्तीवाले (म्हणजे कलगीवाले) एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. मुंबईत परळच्या दामोदर हॉलला सामना लागला की चाकरमानी रात्रपाळी चुकवून यायचे. गाण्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव, गुरूचं नाव, घराणं, गाव सगळं सांगतो, कारण ते आव्हान असतं : सवाल मी टाकलाय, या पत्त्यावर जवाब आणा. नुसतं 'मी रचलं' एवढ्यासाठी ते नसतं. पत्ताच कापला तर जवाब कुठे पाठवणार?

रच्याकने (म्हणजे जाता जाता), नावं चोरणारेही असतात. दुसऱ्याचं पद घ्यायचं आणि मुद्रेत आपलं नाव बसवायचं. मात्रा जुळत नाहीत, तिथे सापडतात. चार अक्षरी नावाच्या जागी दोन अक्षरी आलं की लगेच मध्ये 'हो जी' घालावं लागतं. जाणता झीलकरी (शाहिरामागे सूर धरणारा) तिथेच गालात हसतो.

मांडवीकाठ
गोंयांतून राम राम. आमच्याकडचं 'हांव सायबा पल्तडी वतां' हे देखणी गीत (गोव्यातला एक नाचगाण्याचा प्रकार) सगळे पारंपरिक म्हणून गातात. 'बॉबी'मुळे चाल अख्ख्या देशाला पाठ. ते कार्लुश युजेन फॅरैरा यांचं. मूळ गीतात नदीपलीकडे दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण तारवट्याला (नावाड्याला) विनवते, एकेक दागिना देऊ करते. सिनेमात उरली ती चाल आणि सोन्याचांदीची एक ओळ. एवढंच. बाकी वाचतो आहे.

सिन्नरकर
अजून एक नाव टाकतो, कारण त्यांना कुणी ओळखत नाही आणि गाणी सगळ्यांना येतात. हरेंद्र जाधव. निफाडकडचे, मुंबईत शिक्षक. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातलं 'तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता' प्रत्येक गणेश मंडळात वाजतं. 'पहा पहा मंजुळा, हा माझ्या भीमरायाचा मळा' प्रत्येक भीमजयंतीला वाजतं. दोन्ही एकाच लेखणीतली! दोन मांडवांतल्या लोकांना हे सांगून बघा, दोघंही क्षणभर गप्प होतात. मास्तर २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, करोनाच्या धामधुमीत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी आली तर खाली पहिला प्रश्न, "हे कोण?" मी फक्त गाण्यांची यादी टाकली. मग रात्रभर गट जागा होता.

खरवस_वडी
!!! 'तूच सुखकर्ता' त्यांचं? माझ्या बाबांची रोजची पहाट आहे ती. आजच सांगते.

आडवा_प्रश्न
हे मलाही माहीत नव्हतं. पण एक प्रामाणिक प्रश्न : माहीत झाल्याने गाणं वेगळं ऐकू येतं का?

गिरणगावकर
येतं. मैना ऐकून बघा, पूर्ण.

आडवा_प्रश्न
ऐकली. वरातीत परत नाचता येणार नाही आता. तुम्हाला लेखी दोष देतो.

तुणतुणे
मंडळी, धाग्याने धन्य केलं. आणि माझ्या स्वार्थाचं काम झालंय. म्हणजे, झालंय की बिघडलंय ते तुम्ही ठरवा.

रविवारी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, खडीचं गाणं नाक्यावरचा एक म्हातारा म्हणायचा, तो तेव्हा कामावर झीलकरी होता, अजून हयात आहे. मग परवा रजा टाकून गेलो. म्हातारा अंगणात खाटेवर, डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी. आधी म्हणेना. चहा झाला, तंबाखू झाली. मग उजव्या हाताची मूठ वळून गुडघ्यावर ठेका धरला. हातोडा पडावा तसा, एक जड, दोन हलके. मी मोबाइल खाटेवर ठेवला. मधली तीन कडवी मिळाली : एक मुकादमाचं, एक पाण्याच्या टँकरचं, एक बाळंतीण कामावर आलेली, तिचं. ती उद्या सावकाश टाईप करतो, काही शब्द पुन्हा ऐकायचेत. आणि मग हे, शेवटचं :

नाव माझं इचारू नगा, मस्टरावर अंगठा हाय
— म्हणे सायबाला, त्याचा बी पगार न्हाय

(मस्टर म्हणजे हजेरीपट.) रेघ मी मारली आहे. तिथे म्हाताऱ्याने नाव घेतलं. त्याचं स्वतःचं!

मी खूश होऊन निघालो, तर कोपऱ्यावर आप्पा उभे. विचारलं, नाव काय घेतलं? मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "त्याचं न्हवं त्ये. वरच्या आळीतल्या एका बाईनं रचलं. तिचं नाव यायचं तिथं. तिला जाऊन तीस वर्षं झाली. ह्यो नुसता झील धरायचा." वरच्या आळीत गेलो. बाईची सून भेटली. तिला गाणं येत नाही, पण सासू रचायची हे पक्कं माहीत आहे. दोन्ही घरच्यांना विचारल्याशिवाय इथे नावं लिहिणार नाही.

जाखडीप्रेमी
मात्रा मोजा! म्हाताऱ्याचं नाव किती अक्षरी? नंतर 'हो जी' घालतो का?

तुणतुणे
तीन अक्षरी. बाईचंही तीन अक्षरी. 'हो जी' नाही.

मास्तरीण
अंगठा म्हणतोय तो कुणाचा? म्हाताऱ्याला सही येते का?

तुणतुणे
येते. मला चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला त्याने, चांगलं वळणदार अक्षर. पण तो म्हणतो, १९७२ला येत नव्हती, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकला. सून म्हणते, सासूबाईंचा शेवटपर्यंत अंगठाच.

ढोलकीचा_पाठीराखा
रेकॉर्डिंग पुन्हा ऐक. नावाच्या आधी श्वास घेतो की नंतर? आपलं नाव घेणारा आधी थांबतो.

तुणतुणे
ऐकलं. नेमकं तिथेच मागून टमटम गेली आहे, हॉर्न देत. पुढच्या रविवारी परत जातो. या वेळी आप्पांनाही बरोबर नेतो, आणि सुनेलाही विचारतो येते का.